अंदमानात प्लेटचा वेग मोजताना: खिळा, खांब आणि खारा वारा

अंदमान-निकोबार बेटं भारतीय प्लेटवर (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर) नाहीत. भारतीय प्लेट या बेटांच्या पश्चिमेला समुद्रतळावरच्या खंदकात तिरकी होऊन खाली जाते. बेटं आहेत ती वरच्या चिंचोळ्या बर्मा प्लेटवर. पूर्वेला अंदमान समुद्राचा तळ हळूहळू फाकतोय. म्हणजे पोर्ट ब्लेअरला (आता श्रीविजयपुरम) जीपीएस रिसीव्हर लावून आलेला आकडा हा 'प्लेटचा वेग' म्हणून थेट छापता येत नाही. त्यात प्लेटची संथ चाल असते, खंदकापाशी अडकलेल्या भागाचा ताण असतो आणि २००४ च्या भूकंपानंतर अजून न निवलेली हालचालही असते. हे वेगवेगळं करायचं काम गणिताचं आहे. पण गणिताच्या आधी जमिनीत जो खिळा ठोकतो तो धड नसेल, तर पुढचं सगळं व्यर्थ जातं. म्हणून या पोस्टमध्ये सॉफ्टवेअरपेक्षा सिमेंट, स्टील आणि बॅटऱ्यांबद्दल जास्त लिहिलंय.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. बंगळूरच्या आयआयएससीमधलं (भारतीय विज्ञान संस्थेतलं) कायमचं जीपीएस स्टेशन दरवर्षी सुमारे ४२ मिमी पूर्वेला आणि ३५ मिमी उत्तरेला सरकतं, म्हणजे ईशान्येकडे साधारण ५५ मिमी. महाराष्ट्रही जवळपास याच वेगाने जातो. भूमी अभिलेखचे मोजणीदार आता रोव्हर (हातात नेण्याचा जीपीएस रिसीव्हर) घेऊन शेतात येतात. त्या रोव्हरला दुरुस्ती पुरवणारी कॉर्स (कायम चालू असणारी) स्टेशनंही वर्षाला पाच सेंटीमीटर सरकतात. बांधावरून भांडणं होत नाहीत ती केवळ शेत, बांध आणि स्टेशन तिन्ही एकत्र सरकतात म्हणून. रोव्हरला जवळच्या स्टेशनच्या तुलनेत दोन-तीन सेंटीमीटर अचूकता पुरते. प्लेट मोजायची तर पृथ्वीच्या केंद्राच्या तुलनेत दोन-तीन मिलिमीटर लागते, आणि तीही वर्षानुवर्षं टिकलेली. रिसीव्हर जवळपास तोच असतो. बाकी सगळं बदलतं.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ सुरू झालेली फाट उत्तरेकडे सुमारे १३०० किलोमीटर धावत उत्तर अंदमानपर्यंत आली. पोर्ट ब्लेअर पश्चिम-नैऋत्येला सुमारे ३ मीटर सरकलं आणि सुमारे १ मीटर खचलं. कार निकोबार सुमारे ६ मीटर सरकलं. निकोबारच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. उलट उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळाचे खडक वर येऊन उघडे पडले. हे बहुतेक आकडे आले ते भूकंपापूर्वी मोजून ठेवलेल्या खुणांवर भूकंपानंतर काही आठवड्यांनी पुन्हा रिसीव्हर लावून. त्यामुळे त्या 'भूकंपाच्या' आकड्यांत नंतरच्या काही आठवड्यांची सरकही मिसळलेली आहे, हे ते वापरताना विसरू नये. त्या सकाळी मोक्याच्या जागी चालू स्टेशनं असती तर दोन्ही वेगळं दिसलं असतं. देशातल्या अनेक संस्थांनी इथे मोजणी केली आहे, त्यात आपल्या पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्थाही आहे.

आता जागेबद्दल. अंदमानात घट्ट खडक शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. फ्लिश म्हणजे वाळूखडक आणि शेल यांचे आलटून पालटून थर बऱ्याच भागात आहेत, आणि पावसाने ते वरून कित्येक मीटर कुजलेले असतात. शेलचा उतार पावसाळ्यात सरपटतो. असा उतार वर्षाला ५ मिमी सरपटला तरी नकाशावर तो थेट 'प्लेटचा वेग' म्हणून उतरतो, आणि दिशा सरळ समुद्राकडे असते. एखाद्या स्टेशनचा वेग शेजाऱ्यांपेक्षा वेगळा आणि नेमका उताराच्या दिशेने दिसला, तर भूगर्भशास्त्रात शिरण्याआधी जागेवर जाऊन खांब बघावा. कार निकोबारसारखी सपाट बेटं प्रवाळाच्या चुनखडीची. तिथे हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. पोकळ 'ढब' आवाज आला की खाली पोकळी आहे, जागा बदला. वाळूवर, भरावावर, जेटीवर खूण नको. ज्वालामुखी असलेल्या बॅरन बेटावर प्लेट मोजायला जाऊच नये. तिथे मोजायचा तो ज्वालामुखी.

सरकारी इमारतीची गच्ची हा मोह मोठा असतो. वीज आहे, कुंपण आहे, चौकीदार आहे. एकमजली, भक्कम आणि जुनी होऊन बसलेली इमारत असेल तर निभावतं. दुमजलीच्या वर जाऊ नये, कारण उन्हात इमारत रोज थोडी वाकते. आणखी एक गोष्ट म्हणजे मोठ्या भूकंपात इमारत पडते, आणि त्याच दिवसाचा डेटा सगळ्यात मोलाचा असतो.

परवानग्यांचा वेळ वेगळा धरावा. वनखातं, किनारी नियमन क्षेत्र, निकोबारमध्ये आदिवासी क्षेत्राचा पास. जिथे जायलाच बंदी आहे त्या बेटांवर स्टेशनचा विचारही करायचा नाही. त्यामुळे जाळ्याचा आकार भूशास्त्र जितका ठरवतं तितकाच परवानाही ठरवतो.

मोजणीच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, खूण कायमची आणि उपकरण पाहुणं. खडकात १५ ते २० सेंमी खोल भोक, त्यात ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची १२ मिमीची सळई, तिच्या माथ्यावर बारीक टिंब. साधं ३०४ स्टील समुद्रापाशी काही वर्षांत गंजाचे ठिपके दाखवू लागतं. भोकातली भुकटी हातपंपाने पूर्ण उडवायची, कारण इपॉक्सी खडकाला चिकटायचं सोडून भुकटीला चिकटतं. भोक ओलं असणारच, म्हणून ओल्या जागी चालणारंच इपॉक्सी घ्यावं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावू नये. आजूबाजूला पाच-दहा मीटरवर तीन साक्षी खुणा करून त्यांची अंतरं आणि उंचीतले फरक मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवावेत. दहा वर्षांनी मुख्य सळई कोणी उपटली असेल तर याच खुणा कामाला येतात.

सळईवर तिपाई लावली की चुका सुरू होतात. ट्रायब्रॅकची (तिपाईवरच्या समतल करायच्या बैठकीची) बुडबुडी आणि ऑप्टिकल प्लमेट (खालच्या टिंबावर नेम धरायची दुर्बीण) मुंबई-चेन्नईहून येताना हलतात. नेम धरून ट्रायब्रॅक १२० अंशांनी दोनदा फिरवून बघायचं. टिंब वर्तुळात फिरलं तर दुरुस्ती करायची. अँटेनाची उंची तीन बाजूंनी, सुरुवातीला आणि शेवटी मोजायची. सगळ्यात जास्त घोटाळा तिरकी उंची सरळ म्हणून लिहिण्याने होतो. तिरकी १.३०० मीटर असेल आणि अँटेनाची त्रिज्या ०.१७ मीटर, तर सरळ उंची १.२८९ भरते. ११ मिमी असेच गेले, आणि प्रोसेसिंगमध्ये कोणालाही ते दिसणार नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे तिपाई टाळून ठरावीक उंचीचा टोकदार दांडा वापरावा. उंचीचा प्रश्नच उरत नाही. अँटेनावरचा बाण उत्तरेकडे, साध्या होकायंत्राने चार-पाच अंशांत आला तरी पुरे.

एका खुणेवर किमान तीन पूर्ण दिवस, जमल्यास पाच. 'पूर्ण दिवस' जीपीएसच्या घड्याळाचा, तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. सकाळी दहाला लावून तिसऱ्या दिवशी दहाला काढलं तर हाती पूर्ण दिवस एकच येतो, बाकी तुकडे. पुन्हा यायचं ते त्याच महिन्यात, म्हणजे ऋतूंमुळे होणारी हालचाल बरीचशी वजा होते. एका वेळच्या मोजणीत ३ मिमी चूक धरली, तर एका वर्षाच्या अंतराने दोनदा मोजून वेगात सव्वाचार मिमीची अनिश्चितता राहते. चार वर्षांच्या अंतराने ती १ मिमीपर्यंत उतरते. दरवर्षी धापा टाकत जाण्यापेक्षा धीर धरून चार वर्षांनी नीट जावं, हे पैसे देणाऱ्यांना पटवणं अवघड असलं तरी.

दुसरी तऱ्हा म्हणजे कायमचं स्टेशन. खडक उघडा असेल तर एक उभी आणि तीन-चार तिरप्या स्टीलच्या सळया दीड-दोन मीटर खोल घालून वर एकत्र वेल्ड केलेली तिवई सगळ्यात उत्तम. तिच्यावर ऊन सारखं लागतं, वारा आरपार जातो. काँक्रीटचा खांब स्वस्त आणि कोणत्याही गवंड्याला जमणारा. दीड मीटरचा खांब १५ अंश तापला तर उंचीत पाव मिलिमीटरच वाढतो, त्याची चिंता नाही. मात्र एकाच बाजूने ऊन लागलं की तो झुकतो, म्हणून बाहेरून पीव्हीसी पाइपचं आवरण आणि मध्ये हवेची फट ठेवतात. काँक्रीटसाठी समुद्राची वाळू आणि खारं पाणी वापरू द्यायचं नाही. बेटावर दोन्ही फुकट मिळतात, आणि आतली सळई फुगून खांब पाच-सात वर्षांत तडकतो.

अँटेना चोक रिंग प्रकारची, म्हणजे गोल खोबणींची. जमिनीवरून आणि समुद्रावरून परतून येणारा सिग्नल ती बराच अडवते. ५/८ इंची आटे स्टीलचे आणि अँटेनाचा तळ ॲल्युमिनियमचा. मिठाच्या हवेत या जोडीतलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पुढे अँटेना निघता निघत नाही. बसवताना आट्यांना आटे जाम होऊ न देणारी (अँटी-सीझ) पेस्ट लावावी. वर प्लास्टिकची टोपी शक्यतो नकोच. लावायचीच तर त्या अँटेना-टोपी जोडीचं कॅलिब्रेशन उपलब्ध असेल तीच लावावी. टोपी चढवली किंवा काढली तरी उंची काही मिलिमीटरने, कधी सेंटीमीटरने उडी मारते.

अँटेनापासून रिसीव्हरपर्यंतच्या एलएमआर-४०० केबलमध्ये एल-वनवर (जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीवर) मीटरमागे साधारण ०.१७ डेसिबल जातात. ३० मीटरला ५ डेसिबल, म्हणजे चालतं. त्याहून लांब नको. जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर काळी टेप. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झुकता वळसा द्यावा, नाहीतर पाणी केबलवरून ओघळत थेट कनेक्टरात जातं. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून लोखंडी नव्हे तर गंज न धरणाऱ्या नळीतून न्यावी. पेटीची भोकं जाळीने बंद केली नाहीत तर पाली आणि मुंग्या आत संसार मांडतात. मुंग्यांनी शॉर्ट केलेला चार्ज कंट्रोलर ही इथे अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही. आकाशातली वीज पडली तर बचाव म्हणून केबल पेटीत शिरते तिथेच अरेस्टर हवा. खडकाळ जागी अर्थिंग नीट मिळत नाही, तिथे तांब्याची पट्टी लांबवर नेऊन बेंटोनाइट मातीमध्ये पुरावी लागते.

विजेचा हिशेब सोपा आहे आणि तरीही बहुतेक स्टेशनं तिथेच मरतात. रिसीव्हर आणि अँटेना मिळून ४ वॉट धरा. दिवसाला ९६ वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ८ अँपिअर-तास. अंदमानात मेपासून पाऊस, नैऋत्य मोसमी संपतो न संपतो तोच ईशान्येकडचा. सलग दहा दिवस ऊन नाही असं धरलं तर ८० अँपिअर-तास लागतात. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणून १६० अँपिअर-तासांची बँक. पॅनेलचा किमान हिशेब ५५-६० वॉटचा येतो (अडीच तास चांगलं ऊन, ३० टक्के तोटा). प्रत्यक्षात १५० ते २०० वॉट लावावेत, कारण ढगाळ दिवसांनंतर बॅटरी दोन-तीन दिवसांत भरून निघाली पाहिजे. अक्षांश साडेअकरा आहे म्हणून पॅनेल तेवढंच तिरकं ठेवायचं नाही. १५-२० अंश ठेवलं तर पाऊस पक्ष्यांची घाण धुऊन नेतो. बॅटरीचा कट-ऑफ (रिसीव्हर आपोआप बंद होणं) ११.५ व्होल्टला आणि पुन्हा जोडणी १२.५ ला ठेवावी. दोन्हींत अंतर नसेल तर संध्याकाळी रिसीव्हर दर दहा मिनिटांनी बंद-चालू होत राहतो आणि फाइलींचा भुगा होतो. बॅटऱ्या जहाजाने येतात. बेटांमधलं जहाज हवामानामुळे चुकलं की पुढचं कधी ते बंदरावर विचारायचं. म्हणून सुटे भाग दोनाचे तीन न्यावेत.

डेटा ३० सेकंदांनी नोंदवलेला पुरतो, पण सोबत दर सेकंदाचाही रिसीव्हरच्या मेमरीत फिरता साठा ठेवावा. भूकंप झाल्यावर तोच मागतात. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नई-अंदमान समुद्री केबल सुरू झाल्यापासून डेटा आणणं बरंच सोपं झालं. तरीही आतल्या मेमरीत वर्षभराचा डेटा राहील एवढी जागा हवीच.

आकाशाच्या दोन अडचणी इथल्या खास. पोर्ट ब्लेअर चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) बुडबुडे उठतात, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त, आणि सूर्यावर डाग वाढले की आणखी. सिग्नल थरथरतो, रिसीव्हरची पकड सुटते, लहरींची मोजदाद नव्याने सुरू करावी लागते. दोन फ्रिक्वेन्सी जोडून आयनोस्फिअरचा विलंब काढता येतो, पण सुटलेली पकड परत आणता येत नाही. पाहुण्या उपकरणाची, काही दिवसांचीच मोजणी शक्य तर या महिन्यांत ठेवू नये. फेब्रुवारी बरा, समुद्रही शांत असतो.

दुसरी अडचण पाण्याच्या वाफेची. कोरड्या हवेमुळे डोक्यावरच्या उपग्रहाच्या सिग्नलला समुद्रसपाटीला सुमारे २.३ मीटर विलंब होतो, आणि तो हवेच्या दाबावरून नीट काढता येतो. वाफेमुळे विषुववृत्तीय भागात आणखी ३०-४० सेंमी होतो, आणि तो तासागणिक बदलतो. म्हणून तो मोजणीतूनच, तास-दोन तासांच्या टप्प्याने, दिशेनुसार होणाऱ्या फरकासह काढतात. उंचीची अचूकता आडव्यापेक्षा तिपटीने वाईट असण्याचं एक मोठं कारण हे. रोजच्या उत्तरात आडवं २-३ मिमी, उभं ६ ते १० मिमी इतपत विखुरणं इथे चांगलं मानावं.

बेटावर ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ते म्हणजे समुद्राच्या भरती-ओहोटीचा भार. घन पृथ्वीची स्वतःची भरती २०-३० सेंमी असते, पण तिचं मॉडेल इतकं पक्कं आहे की तिची कोणी चिंता करत नाही. समुद्राचं तसं नाही. पोर्ट ब्लेअरला उधाणाला पाणी सुमारे २ मीटर वर-खाली होतं, चहूबाजूंनी तेवढं पाणी चढतं तेव्हा बेट खाली दबतं, आणि उतरतं तेव्हा वर येतं. स्वीडनमधल्या ओन्साला वेधशाळेच्या सेवेवर अक्षांश-रेखांश दिले की त्या जागेचे गुणांक मिळतात. तिथे भरतीच्या मॉडेलांच्या फेस (FES) मालिकेतलं नवं मॉडेल निवडावं. चौवीस तासांच्या सरासरीत हे सगळं मिटतं असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. उरलेली चूक वेश बदलून येते: भरतीच्या वेगवेगळ्या घटकांपैकी एम-टूची १४-१५ दिवसांच्या लहरीत, के-टूची सहा महिन्यांच्या, के-वनची वर्षाच्या. मग कोणीतरी त्या वार्षिक लहरीचा संबंध पावसाशी जोडतं.

प्रोसेसिंगवर थोडक्यात. आयजीएस या आंतरराष्ट्रीय सेवेने काढलेल्या उपग्रहांच्या अंतिम कक्षा साधारण दोन आठवड्यांनी येतात, त्या येईपर्यंत थांबावं. गॅमिट, बर्नीज किंवा गिप्सी, कोणतंही चालेल. फरक सॉफ्टवेअरपेक्षा डेटा फाइलीच्या हेडरमधल्या अँटेनाच्या नावाने जास्त पडतो. सापेक्ष पद्धतीने, म्हणजे इतर स्टेशनांच्या तुलनेत, करत असाल तर बंगळूर आणि हैदराबादवरच भागवू नये. बंगळूर साडेसोळाशे किलोमीटरवर आहे आणि दोन्ही एकाच दिशेला. दिएगो गार्सिया, कोकोस, सिंगापूर, ल्हासा असं चारही अंगांनी घेरावं.

मग येते वेळमालिका. तिच्यातून वेग काढायला सरळ रेष पुरत नाही. सुरुवातीची जागा, वेग, वार्षिक आणि सहामाही लहर, प्रत्येक मोठ्या भूकंपासाठी पायरी आणि भूकंपानंतर मंदावत जाणारी लॉगरिदमिक सरक, एवढं सगळं एकत्र बसवावं लागतं. इथे पायऱ्या २००४ च्याच नाहीत. ऑगस्ट २००९ मध्ये दिगलीपूरच्या उत्तरेला ७.५ चा झाला, ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा. खरी पंचाईत लॉगरिदम आणि सरळ वेग एकमेकांत मिसळण्याची आहे. पोर्ट ब्लेअर भूकंपात खचलं आणि नंतर हळूहळू वर येऊ लागलं, आडवं मात्र भूकंपाच्याच दिशेने पुढे सरकत राहिलं. २००५ ते २००८ एवढाच डेटा घेऊन रेष मारली तर येणाऱ्या वेगाचा प्लेटशी फारसा संबंध नसतो. शांत जागी अडीच वर्षांचा सलग डेटा ही किमान मर्यादा मानतात, कारण त्याआधी वार्षिक लहर वेगात घुसते. अंदमानात ती मर्यादा वापरूच नये. आणि सॉफ्टवेअरने ०.१ मिमीची अनिश्चितता छापली तर तिला पाच-दहाने गुणावं. रोजच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, कालची आजमध्ये झिरपते.

समुद्रपातळीवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पोर्ट ब्लेअरच्या भरतीमापकाला जमीन खचली की समुद्र चढला हे कळत नाही. जीएनएसएस (जीपीएस आणि तशा इतर उपग्रह यंत्रणांचा) खांब आणि भरतीमापकाची बेंचमार्क यांच्यात दरवर्षी नेमकी लेव्हलिंग केली तरच दोन्ही वेगळे होतात. खांब किनाऱ्यावर असेल तर समुद्रावरून परतणारा सिग्नलही वाया जात नाही. त्याच्या चढउतारांवरून पाण्याची उंची काढता येते. चोक रिंग ज्याला अडवण्यासाठी बनली, तेच इथे कामाला येतं.

शेवटी अँटेना बदलण्याबद्दल, कारण खाऱ्या हवेत ती कधीतरी बदलावीच लागते. बदललेल्या दिवशी मालिकेत पायरी पडते, मॉडेल तेच असलं तरी. बदलण्याआधी शेजारच्या साक्षी खुणेवर दुसरी अँटेना लावून दोन-तीन दिवस दोन्ही चालवाव्यात, मग मुख्य अँटेना बदलून पुन्हा दोन-तीन दिवस. तेवढ्या जवळच्या जोडीत आयनोस्फिअर, वाफ, भरती सगळं वजा होतं आणि पायरी मिलिमीटरच्या आत कळते. जुन्या अँटेनाचा सीरियल नंबर, नवीचा नंबर, फर्मवेअर, उंची, वेळ आणि चारी दिशांचे फोटो त्याच दिवशी स्टेशनच्या नोंदीत जायला हवेत. झाडं किती वाढली तेही फोटोतच दिसतं. नारळाचं एक झाड दहा अंशांच्या वर आलं की त्या बाजूचे उपग्रह गळायला लागतात, आणि उंचीचा आकडा वर्षागणिक थोडा थोडा ढळतो. ते झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि अर्ज सहसा पुढच्या भेटीपर्यंत तसाच राहतो.